ऊन पाण्याचा नवस

नवस नानीबाईच बोलली होती. सुनेची, आशाची, दोन बाळं जन्मतःच गेली, तेव्हा डोंगरातल्या ऊन पाण्याच्या झऱ्यापाशी कोंबडा कापून ती म्हणाली, "तिसरं जगव. चालायला लागेपर्यंत त्याच्या तोंडात तुझंच पाणी घालीन. दुसरं घातलं तर परत ने."

काजल जगली.

चालली नाही. चौथं वर्ष लागलं तरी बूड घासत अंगणभर फिरायची. गुडघे बाहेर वळलेले, दात पिवळे. नानीबाई रोज पहाटे वाफाळता हंडा डोक्यावर घेऊन टेकडी उतरायची.

"चुंबळीखाली केस राहिलेत का गं?" शेजारची कमलीबाई विचारायची.

"राहिलेत. पोरगी चालली की कापून तुलाच देते, शेंडी लाव!"

पण

चालत नाही
म्हणून नवस फिटत नाही
म्हणून दुसरं पाणी नाही
म्हणून

तळोद्याला दवाखान्यात डॉक्टर मयूरीने पायांचा एक्स-रे उजेडासमोर धरला. "आजी, हिला पाणी कुठलं पाजता?"

"देवाचं." नानीबाईची मान ताठ. "ऊन झऱ्याचं. दुसरा थेंब नाही."

डॉक्टरने एक्स-रे टेबलावर ठेवला. मग सावकाश म्हणाली, की त्या पाण्यात खडकातलं फ्लोराइड फार आहे. अंघोळीपुरतं ठीक. पण वाढती हाडं तेच पीत राहिली की वाकतात. "आजच बदला. आणखी वाकायची थांबतील. सरळ होतील, असं मी सांगत नाही."

म्हणून चालत नाही.

परतीच्या जीपमध्ये आशा हळूच म्हणाली, "आई, तुमच्यानं नाही व्हायचं. मी पाजते. पाप मला लागू दे."

"तुझी दोन गेलीत. तिसरीचं तुझ्या माथी नको."

घरी आल्यावर नानीबाईने शाळेच्या नळाचं पाणी पेल्यात ओतलं. काजलने घोट घेतला आणि थुंकला. "हे पाणी नाय." तिला पाणी म्हणजे ऊन, गंधकाच्या वासाचं. दुपार गेली. ओठ सुकले, पण तोंड उघडेना. झऱ्याकडे हात करून रडायची.

सांजेला नानीबाईने तिला मांडीवर आडवी घेतली आणि नाक दाबलं.

"आई, हळू!"

"गप. पाय धर."

आशाने पाय धरले. वाकडे होते, हातांत नीट मावेनात.

पाणी आत गेलं. पोर ठसकली, निसटली, बूड घासत भिंतीपाशी गेली आणि आजीकडे पाठ करून बसली. नानीबाई त्या पाठीकडे बघत राहिली. हलतेय का. श्वास चालू आहे का. देव आत्ता नेतो की मग.

पाठ हलत होती.

नानीबाईने पेला पुन्हा भरला.