फूटपाथवरचा बेवारस डबा

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. जेवणाचा नव्हे, टेलिफोनचा. गल्लीच्या तोंडाशी फूटपाथवर उभा असलेला, माणसाच्या छातीइतका उंच, दोन दारांचा लोखंडी डबा तुम्ही पाहिला असेल. पाहिला नसेल, तर त्याला टेकून निदान बुटाची नाडी तरी बांधली असेल. तोच मी. टेलिफोनच्या कार्यालयातून जमिनीखालून आलेली जाड केबल माझ्या पोटात उलगडते आणि तिच्यातून प्रत्येक घराकडे तारांची एकेक जोडी जाते. लोक फोनवर काय बोलतात ते मला कळत नाही. पण घंटी वाजली की मला कळते, कारण ती माझ्यातूनच जाते.

माझा जन्म सरकारी कारखान्यात झाला. पत्रा जाड, बिजागऱ्या पितळी, रंग राखाडी. मला येथे बसवले तेव्हा निम्मी गल्ली बघायला जमली होती. त्या काळी फोन मिळायला वर्षे लागत. ज्यांना जोडी मिळाली ते माझ्याकडे कौतुकाने पाहत आणि ज्यांना मिळाली नाही ते जाता-येता मला लाथ मारत. कौतुकाने मी फुगलो नाही, पण लाथेने पोचा मात्र पडला. तो अजून आहे.

माझी देखभाल एक लाइनमन करी. सगळी गल्ली त्याला मामा म्हणे. मुंग्या शिरू नयेत म्हणून तो केबलच्या भोकाभोवतीच्या फटीत लांबी भरी आणि पावसाळ्याआधी बिजागऱ्यांना तेल घाली. त्याची एक शिस्त होती. सकाळी दार उघडले तरी तो लगेच तारांना हात लावत नसे. आधी दोघी बहिणींची खुशाली जाऊ देई.

या बहिणींचे सांगायलाच हवे. थोरली आमच्या गल्लीत एकटी राहते. तिला बोललेले ऐकू येत नाही, पण जुन्या फोनची कर्कश घंटी मात्र ऐकू येते. धाकटी शहराच्या दुसऱ्या टोकाला. रोज सकाळी धाकटी फोन लावायची. एक घंटी वाजली की ठेवून द्यायची. मग थोरली तिकडे फोन लावायची, तिकडची घंटी कानाला कळत नाही म्हणून मनात आकडे मोजायची आणि ठेवून द्यायची. उचलायचे कोणीच नाही. इकडून एक घंटी, तिकडून एक घंटी, म्हणजे दोघी ठीक आहेत. एखाद्या दिवशी उलट घंटी गेली नाही, तर धाकटीने निघून यायचे, असे त्यांचे ठरलेले होते.

पुढे सरकारने टेलिफोन खाते विकायला काढले. माझ्या अंगावर निषेधाची पत्रके चिकटली. पहिला खरेदीदार वाजतगाजत आला. त्याच्या माणसांनी माझे एक दार निळे रंगवले आणि तेवढ्यात सौदा मोडला. पुढे बराच काळ मी एक दार निळे आणि एक राखाडी असा उभा होतो. मुले मला हसत. मग दुसरा खरेदीदार आला. त्याने खाते घेतले, पण माणसे नको म्हणाला. मामाला स्वेच्छानिवृत्ती मिळाली. त्यात स्वेच्छा कोणाची होती ते मला कळले नाही, त्याची तरी नव्हती. जाताना त्याने माझ्या पोच्यावरून हात फिरवला आणि तो मुलीच्या गावी निघून गेला. मला फार वाईट वाटले.

नव्या कंपनीने हिशेब केला, की ज्या फोनवर बोलणे होत नाही त्यांच्या जोड्या काढाव्या आणि इंटरनेट हवे असणाऱ्या दुकानांना द्याव्या. थोरलीच्या फोनवर तर कधीच कोणी बोलले नव्हते. एके दिवशी कंत्राटदाराचा माणूस आला, तिच्या तारा उपटून दुसरीकडे बसवल्या, मला नवे कुलूप ठोकले आणि गेला.

दुसऱ्या दिवशी धाकटीने फोन लावला, उलट घंटी आली नाही. ती रिक्षाने धावत आली. इकडे धाकटीची घंटी आली नाही म्हणून थोरली घाबरून चपला घालून निघालेली. दोघी माझ्यापाशीच भेटल्या आणि एकमेकींच्या दंडाला धरून रडल्या. मग भांडल्याही.

धाकटी कंपनीत गेली. तिथल्या बाबूने सांगितले, की वर्षभरात या फोनवर एक शब्द बोललेला नाही.

"बोलायला नाही हो, वाजायला घेतलाय तो फोन," धाकटी म्हणाली.

बाबूने मान डोलावली, पण तारा ज्या डब्यात आहेत तो डबा कंपनीच्या मालकीत दिसत नाही, असे सांगून हात वर केले. व्यवहारात इमारती आल्या, केबल आली, खांब आले, मी तेवढा राहून गेलो होतो. जुन्या खात्यात गेली तर ते म्हणाले, आम्ही सगळेच विकले, आता त्यांनाच विचारा. कुलूप कंत्राटदाराचे, आणि त्याचे कंत्राट संपलेले. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी माझी गत झाली. माझे जाऊ द्या, मला भूक नाही. पण थोरलीचे काय?

धाकटी दोन बस बदलून रोज सकाळी येऊ लागली. मग तिला ताप आला आणि दोन सकाळी खाडा पडला. त्यातल्या पहिल्याच दिवशी पहाटे थोरली न्हाणीघरात घसरली. दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटी ताप अंगावर घेऊन आली, शेजाऱ्यांकरवी दार उघडवले, तोवर थोरली ओल्या फरशीवरच पडून होती. जीव वाचला, पण खुब्याचे हाड मोडले. घंटी चालू असती, तर ती त्याच सकाळी सापडली असती.

थोरली दवाखान्यातून काठी घेऊन घरी आली, त्या दिवशी भर दुपारी धाकटी शेजाऱ्याची हातोडी घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. पदर खोचला आणि कुलपावर घाव घालायला लागली. माणसे जमली. हवालदार आला.

"बाई, सरकारी मालमत्ता आहे ही," तो म्हणाला.

"सरकार नाही म्हणतं. कंपनीही नाही म्हणते. ज्याची असेल त्याने यावं आणि माझ्यावर तक्रार करावी. मी इथेच बसते."

आणि ती खरेच माझ्या पायाशी बसली. हवालदाराने दोन्हीकडे फोन लावले. माझ्या आतून जाणाऱ्या दुकानांच्या तारांना धक्का लागतो आहे हे ऐकल्यावर कंपनीचा साहेब गाडी घेऊन हजर झाला. इतके दिवस मी कोणाचाच नव्हतो. साहेबाने उतरल्या उतरल्या माझ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "आमच्या डब्याला हात लावायचा नाही."

धाकटी उठली. हातोडी तिने हवालदाराच्या हातात दिली.

"तुमचाच ना? हवालदारसाहेब, ऐकलंत ना तुम्ही? मग ताईच्या तारा जोडा."

साहेबाने इकडे पाहिले, तिकडे पाहिले. सगळी गल्ली त्याच्याकडे बघत होती. संध्याकाळच्या आत तारा जोडल्या गेल्या.

मित्रांनो, आता माझी दोन्ही दारे एका रंगाची आहेत. मी फार दिवस टिकेन असे वाटत नाही, कारण जमिनीखाली नवी केबल पडते आहे. त्याची तक्रार नाही, जुने जाते. पण तुमच्या गल्लीतही असा एखादा डबा, नळ नाहीतर दिवा असेल, आणि त्याच्या भरवशावर कोणीतरी एकटे राहत असेल. तो बिघडलेला दिसला तर पुढे जाऊ नका, लगेच कळवा. आणि कळवायचे कोणाला, ते मात्र तो चालू आहे तोवरच विचारून ठेवा.