वॉल्व्ह बसले, माणसं उतरली

काकांच्या गाडीला चढ चढवत नाही, असं त्यांच्या तोंडावर कुणी म्हणत नसे. म्हणायची गरजच नव्हती. घर टेकडीवर, बाजार खाली. परतताना चढाच्या पायथ्याची, ओढ्यावरची मोरी आली की मंडळी न सांगता उतरत, आपापलं दार लावत आणि चालू लागत. धप्प, धप्प, धप्प असे तीन आवाज झाले की काका क्लच सोडत. गाडी पाहुणीसारखी पुढे जाई आणि घरची माणसं पिशव्या घेऊन मागून येत. एकोणीस वर्षं हा शिरस्ता चालला.

यंदा काकूंच्या गुडघ्यांनी संप पुकारला.

"अहो, पुरे झालं," काकू म्हणाल्या. "पाच माणसं घेऊन चढली तर ठेवा. एक जरी उतरलं तरी भंगारात. सवत असती तरी एकोणीस वर्षांत एकदा मला वर घेऊन गेली असती."

आणि हे बोलण्याआधीच त्यांनी भंगारवाल्याला शनिवारचा वायदा देऊन टाकला होता.

काका दोन दिवस नीट जेवले नाहीत. म्हणजे जेवले, पण वाढून घेतलं नाही. शेवटी धावून आली ती पुतणी. तिचं स्वतःचं वर्कशॉप होतं, आणि दिवसभर ग्राइंडरपाशी उभी असल्यामुळे घरात तिला ठिणगी म्हणत. सात महिने खपून तिने जुन्या गाड्यांना मागाहून बसवता येईल असं एक यंत्र तयार केलं होतं. ते बसवून घ्यायला अजून एकही गाडीवाला धजला नव्हता.

"काका, गाडीत ताकद आहे, दम नाही," बॉनेट उघडून ती म्हणाली. "वॉल्व्ह म्हणजे इंजिनाच्या नाकपुड्या. कंपनीने त्या एकाच मापाने उघडायला शिकवल्यात. सपाटीवर तेवढ्याच, चढावर तेवढ्याच."

"आपल्या मामांसारखं," आत्या म्हणाली. "लग्न असो की मयत, जेवण तेवढंच."

काकूंचे बंधू असलेल्या मामांनी हे ऐकलं, पण तोंडात घास असल्यामुळे उत्तर राहिलं.

"मी प्रत्येक वॉल्व्हवर छोटी मोटर बसवतेय," ठिणगी म्हणाली. "कधी, किती उघडायचा, ते कंट्रोलर ठरवणार."

"कोणाला विचारून?"

"कोणाला कशाला विचारेल? स्वतःच ठरवणार."

"मग या घरात टिकायचा नाही तो," काका म्हणाले.

शनिवारी पाचही जण बाजार करून निघाले. पुढे काका-काकू, मागे आत्या आणि मामा, त्यांच्या मधे मांडीवर लॅपटॉप घेऊन ठिणगी. वर फाटकापाशी भंगारवाला दोरखंड घेऊन उभा होता.

मोरी आली. काकांनी गाडी थांबवून पहिला गिअर टाकला. धप्प, धप्प, धप्प. काकांनी क्लच सोडला.

आणि काय सांगावं! गाडी अशी निघाली, जणू वर तिचं माहेर होतं. नेहमीच्या जागी धाप लागली नाही, खोकला आला नाही.

"बघतेस का?" काका ओरडले. "दुसऱ्या गिअरमध्ये! सवत म्हणत होतीस ना?"

काकू गप्प. संसारात काकू निरुत्तर झाल्याचा हा पहिलाच प्रसंग असल्यामुळे काकांनी मान वळवून तो नासवला नाही.

फाटकापाशी भंगारवाला खिडकीत वाकला. "पाच म्हणाला होतात ना?"

काकांनी शेजारी पाहिलं. तिथे काकूंची पिशवी बसली होती.

"काका, आकडे भन्नाट आहेत!" मागून ठिणगी म्हणाली. तिने अजून मान वर केली नव्हती. "फक्त भार जरा कमी दिसतोय. कुठे चुकलं कळत नाही."

"रिकामं खोकं कुठंही चढतं," भंगारवाला म्हणाला. "दोर बांधू?"

काका गाडी वळवू लागले, तसा तोही आत शिरला. माल नजरेआड होऊ द्यायचा नाही, हा त्याच्या धंद्याचा नियम.

खाली मोरीपाशी वळून ते वर आले, तर तिघं सर्वांत उभ्या वळणावर धापा टाकत होती. काकांनी तिथेच हँडब्रेक ओढला.

"भावोजी, मोरी दिसली की हात आपोआप दाराला जातो हो," मामा म्हणाले.

काकू ओशाळल्या होत्या, पण अट ती अट. "एक जरी उतरलं तर, असं ठरलं होतं. इथे तर तिघं उतरली."

काकांनी स्टिअरिंगवरून हात फिरवला. "उतरलात खरं," ते हळूच म्हणाले. "पण गाडीने नाही उतरवलं."

काकूंनी गाडीकडे पाहिलं, मग आपल्या गुडघ्यांकडे. "बरं. मग इथून चढवा."

याच वळणावर गाडी रिकामीसुद्धा रडायची. आता तिघं आत बसल्यावर भंगारवाल्यासकट सहा जण. काकांनी हँडब्रेक सोडला. गाडी वीतभर मागे सरकली. सगळ्यांचे हात दारांकडे गेले.

"खबरदार!" काकू कडाडल्या. "कुणी उतरून दाखवा!"

इंजिनाने आवाज बदलला, खोल श्वास घेतला, आणि गाडी निघाली. आत्याने मामांचा दंड धरला, मामांनी भंगारवाल्याचा, आणि ठिणगीने लॅपटॉप मिटून चक्क खिडकीबाहेर पाहिलं. फाटक आलं तेव्हा सहा माणसं एकदम ओरडत होती, त्यात भंगारवाल्याचा आवाज सर्वांत मोठा.

"ताई, माझ्या ट्रकला बसेल का हो हे?" त्याने उतरता उतरता ठिणगीला विचारलं. दोरखंड तो गाडीतच विसरला.

सगळे उतरले. काकू हलल्या नाहीत.

"अगं, घर आलं."

"एकोणीस वर्षं उतरलेच की," काकू म्हणाल्या. "आता खाली घ्या. मोरीपासून चढवा. अट नीट पुरी व्हायला नको?"

काकांनी गाडी मोरीपाशी नेली, वळवली, पहिला गिअर टाकला आणि थांबले. पाय क्लचवरून निघेना. काहीतरी राहिलं होतं.

काकूंनी बसल्या बसल्या आपलं दार उघडलं आणि तीनदा आपटलं.

"हं," त्या म्हणाल्या. "निघा आता."