सोडलेली ओळ

नाथाजींच्या घरात एक रीत होती. नवा इंग्रजी शब्द कानावर आला, की दिवस मावळायच्या आत तो वहीत उतरला पाहिजे. उतरवायचा तोही दोघांनी. शब्दाचं पहिलं कांडं डावीकडे नाथाजी लिहीत, दुसरं उजवीकडे त्यांची लेक सुला. त्यांचं अक्षर जाड, ताठ उभं. तिचं बारीक, जरा कललेलं.

ही विद्या नाथाजींनी पहिल्या लढाईतून आणली होती. बसऱ्याच्या लष्करी दवाखान्यात ते जखमा धुवायच्या आणि पट्ट्या बांधायच्या कामावर होते. औषधांची, रोगांची नावं काही केल्या ध्यानात राहीनात. तेव्हा तिथल्या एका म्हाताऱ्या गोऱ्या डॉक्टरने सांगितलं, की हे लांबलचक शब्द मुळात इंग्रजांचे नव्हेतच. ग्रीक आणि लॅटिन अशा दोन जुन्या भाषा होत्या, त्यांचे तुकडे जोडून ते केलेत. तुकडे ओळखा, शब्द आपोआप उलगडेल. नाथाजी कृष्णाकाठचे ऊसकरी, त्यांना हे चटकन पटलं. ऊस काही कुणी अख्खा तोंडात घालत नाही. पेरावर मोडतात. आणि मोडलेल्या कांडीला डोळा असला तर ती बेणं म्हणून पुरली की तिच्यातून नवा ऊस उठतो.

"‘ग्राफ’ म्हंजी लिवणं. हे झालं बेणं," ते सुलाला सांगायचे. "‘टेली’ म्हंजी लांब. लांबनं लिवल्यालं, टेलिग्राफ. आता ‘फोन’ म्हंजी आवाज. लाव बघू."

"टेलिफोन!" सुला ओरडायची. टेलिफोन तिने जन्मात पाहिला नव्हता.

गावाला याची गंमत वाटे. शेजारचा आकाराम बांधावरून हाक मारून विचारी, "नाथाजी, लेकीला येवढं विंग्रजी पाजतूस, जावय काय गोरा टामी शिपाय करतूस व्हय?"

"करीन की," नाथाजी म्हणत. "पर त्येला आधी तुज्याशी बोलाय लागंल. टिकंल का बिचारा?"

सुला गावच्या शाळेत सातवी झाली आणि पुढची शाळा राहिली लांब. मग नाथाजींनी पाच वर्षं तिला घरीच शिकवलं. गणितापुरते जुने मास्तर येत. बाहेरून मॅट्रिकला बसायची परवानगी मिळाली तेव्हा तो कागद नाथाजींनी आधी देवापुढे ठेवला आणि मगच तिच्या हातात दिला. चव्वेचाळीस सालच्या मार्चात साताऱ्याला परीक्षा होती.

त्या हिवाळ्यात नाथाजींच्या पोटात अन्न ठरेना. अंगावरची बंडी खांद्यावरून उतरायला लागली. फेब्रुवारी सरता सरता सुला त्यांना घेऊन सांगलीला गेली. ते दिवस लढाईचे. पेट्रोल मिळत नसे, मोटारी कोळशाच्या धुरावर चालत आणि चढ आला की उतारू खाली उतरून ढकलत. त्या दिवशी नाथाजी खाली उतरले नाहीत. सुलाला ते दिसलं.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या. मग हसून म्हणाले, "पोटात जरा सूज आहे, पाटील. औषध देतो. हलकं खा." आणि हात धुता धुता, पाठमोरेच, आपल्या तरुण मदतनिसाशी इंग्रजीत बोलले. धोतर-पटक्यातला म्हातारा आणि लुगड्यातली पोर, यांच्यापुढे बोलायला त्यांना कसलाच संकोच वाटला नसावा. कार्सिनोमा, ते म्हणाले. पसरलेला आहे. तीन आठवडे, फार तर चार. घरच्यांना आत्ताच सांगायला नको.

सुला समोरच्या बाटल्यांकडे बघत राहिली. असा सबंध शब्द वहीत कधी आला नव्हता. कांडी मात्र दोन्ही ओळखीची. लहानपणी नदीत वडिलांनी, आबांनी खेकडा धरला होता आणि त्याच्या नांग्या दाखवून ‘कार्सिनो’ शिकवलं होतं. ‘ओमा’ म्हणजे गाठ. ते आजीच्या डोळ्यांच्या खुपऱ्यांचा शब्द, ‘ट्रॅकोमा’, मोडताना आलं होतं. तिने वडिलांकडे मान वळवली नाही. नाथाजी बंडीचे बंद बांधत होते. एक बंद बांधायला त्यांना फार वेळ लागला.

येताना मोटारीत दोघं उसाच्या लागवडीबद्दल बोलले.

घरी आल्याबरोबर आईने, हरणाबाईने विचारलं, "काय म्हनला डाक्टर?"

"सूज हाय," नाथाजी म्हणाले.

"सूज हाय," सुलाही म्हणाली.

दिवस मावळायला आला. नाथाजींनी सोप्यावर वही मागवली. "आज सांगलीत कुठला नवा शब्द न्हाई घावला?"

"न्हाई, आबा."

नाथाजींनी वहीची पानं चाळली. अंगणात कोंबड्या डालल्या जात होत्या. मग म्हणाले, "मग एक वळ सोड."

लढाईमुळे कागद सोन्याच्या मोलाचा झाला होता. नाथाजी समासातसुद्धा लिहीत. आजवर त्यांनी बोटभर जागा वाया घालवू दिली नव्हती. सुलाने एक ओळ सोडली. का, ते विचारलं नाही. विचारलं तर उत्तर मिळेल, याचं तिला भय होतं.

पुढच्या दिवसांत वहीत आणखी शब्द आले. कोरी ओळ तशीच राहिली. नाथाजींचं खाणं पेजेवर आलं. परीक्षेला जायचं तर आठ-नऊ दिवस साताऱ्याला आत्याकडे राहावं लागणार होतं. डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीत असे नऊ दिवस कितीदा बसतात, हे सुला रोज मोजत होती. जावं, तर ते दिवस जातील. राहावं, तर आपल्याला कळलंय हे आबांना कळेल. एकदा तिने म्हणून पाहिलं, "आबा, या साली न्हाई बसले तर?"

"का? सुजंला भ्यालीस?" नाथाजी म्हणाले. "गुमान जायाचं."

ती गेली. निघताना तिने वही ट्रंकेत घातली. नाथाजींनी खाटेवरूनच हात वर केला.

त्या दिवसांत सातारा भागात भूमिगतांचा शोध चालला होता. गावापासून दोन कोसांवर पोलिसांनी मोटार थांबवली, सगळ्यांची गाठोडी, ट्रंका उघडायला लावल्या. हवालदाराला वही सापडली. त्याने पानं उलटली. डावीकडे एका हाताचं अक्षर, उजवीकडे दुसऱ्या. अर्धे शब्द, मध्ये रेघ.

"ही कसली भाषा गं? दोघा जनांचं अक्षर. खुणंचं लिवनं हाय व्हय?"

"अभ्यास हाय. मी आन माजं वडील लिवतो. इंग्रजी शब्द मोडून."

"मोडून? शब्द काय भाकर हाय?" मोटारीत दोघंतिघं हसले. हवालदार हसला नाही. पान उलटता उलटता त्याचं बोट थांबलं. "समद्या वहीत तीळ ठेवाय जागा न्हाई. आन हितं एकच वळ कोरी. हितं काय लपवलंय? खरं बोल."

सुलाने त्या बोटाकडे पाहिलं. बोटाखालची जागा बरोबर एका शब्दाच्या मापाची होती. वर सांगलीच्या आदल्या दिवसाचा शब्द, खाली दुसऱ्या दिवसाचा.

"तिथं माज्या वडिलांचा आजार हाय," ती म्हणाली. "त्यातनं त्ये उठायचं न्हाईत. मला ठावं हाय. त्यास्नीबी ठावं हाय. म्हणून त्यांनी जागा सोडलीया."

हे ती पहिल्यांदाच बोलत होती. पहिल्यांदाच बोलतोय, हे तिला बोलल्यावर कळलं. हवालदाराने वही मिटली.

"आन तू कुठं चाललीस?" त्याने हळू विचारलं.

"परीक्षंला."

वही त्याने दोन्ही हातांनी परत दिली. ड्रायव्हर मोटारीच्या शेगडीत कोळसा घालत होता. सुलाने ट्रंक उचलली आणि ती खाली उतरली. डोक्यावर ट्रंक घेऊन, आल्या वाटेने दोन कोस चालत घरी गेली.

नाथाजी सोप्यावर पडले होते. तिला पाहून कोपरावर उठायला लागले. "मोटार चुकली?"

"न्हाई. मी उतरले."

"उतरले?" त्यांचा आवाज चढला. पाच वर्षांत तिच्यावर एवढा चढला नव्हता. "पाच वरसं बेणं लावलं, ते ह्येच्यासाठनं? आन तोडणीला आल्यावर सोडून आलीस?"

"बेणं कुठं जात न्हाई, आबा. पुढल्या साली बशीन. तुमी..." तिने ट्रंकेतून वही काढली, ते पान उघडलं आणि त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

नाथाजींनी कोऱ्या ओळीवरून बोट फिरवलं. मग त्यांनी टाक मागितला. अक्षरं ताठ उभी राहीनात. तरी त्यांनी डावीकडे लिहिलं, कार्सिनो, खेकडा. आणि टाक तिच्याकडे दिला. सुलाने उजवीकडे लिहिलं, ओमा, गाठ.

त्यांनी ते वाचलं. "बरूबर हाय," ते म्हणाले. प्रत्येक शब्दाला म्हणत तसंच.

हरणाबाई चुलीपुढून उठून दारात आली होती. "दिवसाढवळ्या काय लिवताय दोगं? आन ही परत कशी?"

"ये," नाथाजी म्हणाले. "बस हितं. तुलाबी सांगतो."

नाथाजी त्यानंतर अकरा दिवस होते. त्या अकरा दिवसांत सात शब्द लिहून झाले. शेवटच्या दोन शब्दांची कांडी त्यांनी नुसती तोंडाने सांगितली.

पुढच्या वर्षी सुला परीक्षेला बसली आणि पास झाली. वही अजून तिच्याजवळ आहे. उरलेली पानंही तिने भरली. त्या पानांवर रेघेच्या डावीकडे आणि उजवीकडे अक्षर एकाच हाताचं आहे.