महिनाभर कुणीच गेलं नाय

ऐक फक्त. मधी बोलू नको, "मग पुढं?" पण म्हणू नको, मी सांगायलेच ना. आपली प्रेरणा, मुकुंदवाडीची, स्टेशनच्या अलीकडच्या गल्लीत राहती ती. तिच्या आबांचं सांगायचंय.

तिचे आबा म्हणजे आजोबा, नानासाहेब. चिकलठाण्याच्या एका कंपनीत पस्तीस वर्षं लेथ मशीनवर काढली, रिटायर झाले, अन् रिटायर झाल्यापासून त्यांची एकच ड्यूटी. सकाळी साडेसहाला चहा, चष्मा, मोबाईल, अन् इथल्याच एका बातम्यांच्या साइटवर जाऊन शहरात कोण गेलं ते बघायचं. बातम्या नाय वाचायचे हां. बातम्यांच्या खाली एक चौकोन यायचा, निधनाच्या जाहिरातींचा. एकामागं एक फोटो सरकायचे, हार घातलेले, 'दुःखद निधन', अंत्ययात्रा कुठून, किती वाजता, अन् खाली 'शोकाकुल' म्हणून नावांची ही लांब रांग. तेवढं वाचलं की फोन सुरू. "अरे, स्टोअरमधला पाठक गेला बरं का. दहाला निघायचंय, हर्सूलच्या स्मशानात ये सरळ." कंपनीच्या जुन्या लोकांत कुणी गेलं की खबर नानाकडूनच यायची. लोकांना इतकी सवय झालती की नानाला कुणी कळवायचंच नाय. नानाला काय कळवायचं, नानाच कळवतो!

आता त्यांच्या मोबाईलचं ऐक. मोबाईल कसला, आठवडी बाजार झालता. बातमी उघडली की गुडघ्याच्या तेलाची जाहिरात. तेल बाजूला सारलं की रमी. रमीची फुली दाबायला जावं तर ती फुलीच खोटी, दाबली की तिसरंच काहीतरी उघडणार. वर 'तुमच्या फोनमध्ये चार व्हायरस' म्हणून लाल पट्टी, अन् आबा प्रामाणिकपणे त्याला पण 'होय' दाबायचे. दिवसभर खिशात मोबाईल थरथर, थरथर. मग एकदा काय झालं, प्रेरणाच्या मम्मीच्या, सुरेखाकाकूच्या भजनी मंडळाच्या बायका बसलेल्या घरात, अन् आबांच्या मोबाईलमधून एक बाई एकदम मोठ्या आवाजात, "अकेले हो क्या?" काकूंचा चेहरा असा झाला ना!

"मामंजी, काय बघायलात तुम्ही?"

"मी कुठं काय बघायलो! मी साळुंक्याचा दहावा किती तारखेला हाय ते बघत होतो!"

बायका पदर तोंडाला लावून हसायल्या. आबा बिचारे दोन दिवस बैठकीत आलेच नाय.

मग प्रेरणानं मनावर घेतलं. तिला यातलं कळतं. जाहिराती अडवणारा ब्राउझर टाकला, सगळ्या फालतू साइटच्या नोटिफिकेशन बंद केल्या, अन् पाच मिनिटांत बाजार उठला. तेल गेलं, रमी गेली, ती बाई गेली. राहिला फक्त तो निधनाचा चौकोन, कारण तो त्या साइटचा स्वतःचा होता, आपोआप अडत नव्हता.

काकू मागून बघत होत्या. म्हणल्या, "आता हे मेलेल्यांचे फोटो पण काढता येतेत का गं?"

"कशाला मम्मी? ते बघायलाच तर उघडतेत आबा."

"म्हणूनच. एक कुणी गेला की माणूस दोन दिवस धड जेवत नाय. भाकरीचा चतकोर मोडून तसाच ठेवतेत. आजी गेल्यापासून तर जास्तच. सकाळी उठून मढी मोजायची, हे काय जगणं हाय का?"

अन् खोटं नव्हतं ते. प्रेरणानं पण बघितलं होतं. तिनं त्या चौकोनावर बोट दाबून धरलं, खाली आलं, 'हा भाग कायमचा लपवा'. दाबलं. गेलं. पान कसं झालं म्हणती, आत्ताच सारवलेल्या अंगणासारखं.

आबा पहिल्या दिवशी लई खूश. "वा गं माझी बाई! काय गुळगुळीत चालायलंय!" दुसऱ्या दिवशी पण खूश. चौथ्या-पाचव्या दिवशी म्हणले, "आज पण कुणी नाय?" आठवड्यानं म्हणले, "सुरेखा, सरकारनं मरणं बंद केली का काय?" काकू अन् प्रेरणा स्वयंपाकघरात जाऊन हसल्या. आपल्याला पण सांगितलं होतं तिनं, कॅन्टीनमध्ये, आठवतंय? आपण किती हसलो होतो. तू तर म्हणली होतीस, माझ्या आजोबाला पण करून दे.

अन् खरं सांगू, सुरुवातीला बरंच झालं. आबा पोटभर जेवायले. संध्याकाळी फिरायले. प्रेरणाला वाटलं, आपण आबांना काय भारी औषध दिलंय. फक्त एकच, फोन कमी झाले. कुणाला लावणार? काय सांगणार? नुसतं "कसा हायेस" म्हणायला फोन लावायची त्या माणसाला सवयच नव्हती. मोबाईल हातात घेऊन ओट्यावर बसायचे, यादीतली नावं वर-खाली करायचे, परत खिशात ठेवायचे.

आता सांडूकाकांचं सांगते. सांडूकाका म्हणजे आबांच्या शेजारच्या मशीनवरचे, बिडकीन गावचे. तीस वर्षं एका डब्यात जेवलेली माणसं. अन् चार वर्षांपूर्वी भांडण. कशावरनं, तर लग्नाच्या पत्रिकेवरनं. सांडूकाकांच्या पोराचं, कृष्णाचं लग्न होतं. पत्रिकेत भावकीतल्या, गावातल्या, कंपनीतल्या ऐंशी-नव्वद लोकांची नावं, अन् नानासाहेबांचं नाय. सांडूकाका घरी आलते सांगायला, छापणाऱ्यानं एक ओळ खाल्ली म्हणून. आबा म्हणले, "तीस वर्षं माझ्या बायकोच्या हातचं खाल्लं तू, तुला माझीच ओळ सापडली खाऊ घालायला?" झालं. तेव्हापासून बोलणं बंद, येणंजाणं बंद. एकमेकांचे नंबर पण काढून टाकले. पण आबा आतून पाघळलेले होते, प्रेरणाला ठाऊक होतं. या दिवाळीला म्हणले पण होते, "जाऊन येऊ का गं बिडकीनला? तो माझ्यापेक्षा लहान हाय, त्यानं यायला पाहिजे खरं तर. पण जाऊ दे. जाऊनच येतो थंडी कमी झाली की."

थंडी कमी झाली तशी एका रविवारी संध्याकाळी रहीमचाचा आले. हे पण कंपनीतलेच, तिसरे. दर वेळी आले की दारातनंच ओरडायचे, "सुरेखाबेटी, चाय रख!" त्या दिवशी काहीच नाय. खुर्चीच्या काठावर बसले. प्रेरणा पाणी घेऊन गेली, घेतलं नाय. चहा म्हणली, "नको" म्हणले.

मग आबांकडं बघून म्हणले, "नाना, इतना गुस्सा? मेल्यावर पण?"

आबा म्हणले, "कोण मेलं?"

"सांडू."

आबा हसले. खरंच हसले. "येडा हाय का? सांडूला काय धाड भरली? गेला असता तर मला कळलं नसतं?"

"सव्वीस दिवस झाले, नाना."

प्रेरणानं मनातल्या मनात दिवस मोजले, चौकोन लपवून महिना झालता.

रहीमचाचा काय थांबेनात. "कृष्णानं जाहिरात दिली होती. तू रोज बघतो ती. कारण सांडूनंच सांगून ठेवलं होतं त्याला, माझं काही झालं तर जाहिरात दे, नाना सकाळी बघतो, नाना आल्याशिवाय राहायचा नाय. तुझं नाव टाकलं होतं रे त्यात. भावकीच्या नंतर वेगळी ओळ, 'व मित्र नानासाहेब'. सगळ्या गावानं वाचलं. पोरानं अर्धा तास थांबवली अंत्ययात्रा. म्हणला नानाकाका येतील, निघाले असतील. आम्ही सगळे फाट्याकडं बघत उभे. दहाव्याला पण वाट बघितली. मीच मूर्ख, मला वाटलं याला काय फोन करायचा, हाच आपल्याला करल. मग वाटलं नाव वाचून पण येत नाय म्हणजे..."

आबांनी खिशातनं मोबाईल काढला. उघडला. तेच पान, सारवलेलं. वर केलं, खाली केलं. चष्मा काढला, सदऱ्यानं पुसला, परत लावला.

"मी रोज बघतो रे रहीम," ते म्हणले. "एक दिवस नाय चुकवला. डोळ्याखालून गेलं असंल अन् मला..." मग डोक्याला हात लावला, असा, कानाच्या वर. "इथं राहिलं नसंल."

अन् रहीमचाचांचा राग तिथंच उतरला गं. खुर्ची ओढून जवळ आले, आबांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणले, "होता है नाना. उमर हो गई अपनी."

प्रेरणा म्हणती, चाचा शेवटपर्यंत रागवून बसले असते तर बरं झालं असतं.

ती आत गेली. स्वतःच्या मोबाईलवर ती साइट उघडली, जुन्या तारखांत मागं मागं गेली, अन् सापडली. सांडूकाका, गुलाबी फेटा बांधलेला फोटो, कृष्णाच्या लग्नातलाच असणार. अन् शोकाकुलच्या शेवटी एकटी ओळ. ती सिलेंडरला टेकून खाली बसली. काकू भाजी चिरत होत्या. प्रेरणानं मोबाईल त्यांच्यासमोर धरला. काकूंनी वाचलं, विळी आडवी केली, अन् पहिलं काय केलं तर स्वयंपाकघराचं दार लोटलं.

"सांगायचं नाय," काकू म्हणल्या.

"मम्मी, त्यांना वाटायलंय त्यांचं डोकं चालंना."

"अन् सांगून काय होणार? सांडूकाका उठून येणार हायेत का? उलट म्हणतील, सुनेनं माझ्या डोळ्यावर पट्टी बांधली. साऱ्या भावकीत हेच होईल. मला या घरात राहायचंय, प्रेरणा."

मग त्या पोरीनं काय केलं बघ, तिला वाटलं निदान हे तरी नीट करू. आबा अंघोळीला गेल्यावर गुपचूप त्यांच्या मोबाईलमधला लपवलेला भाग परत चालू केला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला चहा, चष्मा, मोबाईल. अन् चौकोन आला. चार जण होते त्या दिवशी. आबा बघत राहिले. एकेक फोटो सरकू दिला, परत पहिल्यापासून बघितला. प्रेरणा दारात उभी होती, तिला वाटलं आता विचारतील, हे मधी कुठं गेलतं? विचारलं तर सांगूनच टाकीन, मम्मी काय म्हणायची ती म्हणो.

आबा म्हणले, "बघ. हे रोज होतंच इथं. मलाच दिसत नव्हतं."

संपलं ना मग! जी थोडीफार शंकेला जागा होती ती पण गेली. त्या दिवसापासून माणूस बदलला. गॅस बंद केला का म्हणून तीनदा विचारणार. बाहेरनं आले की कुठं गेलतो ते कागदावर लिहून ठेवणार. स्कूटरची चावी पप्पांच्या हातात दिली, म्हणले, "विश्वजीत, कुणाच्या अंगावर घालायचो मी. ठेव तुझ्याकडं." बिडकीनला जाऊन कृष्णाला भेटा म्हणलं तर म्हणले, "काय सांगू त्याला? तुझा बाप मेलेला मी वाचला अन् विसरून गेलो?" अन् फोन तर कुणालाच नाय. रोज बघणार कोण गेलं, अन् मोबाईल पालथा ठेवणार. "मी सांगायचो एक अन् असायचं दुसरंच. जित्या माणसाला मारायचो."

पप्पांना यातलं काहीच ठाऊक नाय. त्यांनी मेंदूच्या डॉक्टरची वेळ घेतली, अन् नेमकी त्यांचीच ड्यूटी आली, म्हणून घेऊन कोण गेलं? प्रेरणा.

डॉक्टर चांगले होते म्हणती. हळू बोलायचे. आज कोणता वार, कोणता महिना, शंभरातून सात वजा करत जा. आबा इतके घाबरलेले की त्र्याण्णवनंतर अडकले. तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले होते, दोनच आठवले. तिसरा शोधताना नुसते ओठ हलत होते त्यांचे. लेथवर सुताचा पण फरक न पडू देणारा माणूस गं तो.

मग डॉक्टरनी विचारलं, नक्की काय विसरता? अन् आबांनी सांडूकाकांचं सगळं सांगितलं. पत्रिकेपासून. रोज बघत होतो, डोळ्यासमोर होतं, नाव पण होतं माझं. सांगताना रडले नाय, नुसते गुन्हा कबूल केल्यासारखं बोलत होते.

डॉक्टरनी लिहिणं थांबवलं अन् प्रेरणाकडं बघितलं. "बाळा, पेशंटपेक्षा घरच्यांना जास्त कळतं. तुला काय वाटतं? विसरतात का हे?"

आबा पण तिच्याकडंच बघायले. वर म्हणतात कसं, "सांग सांग, लाजू नको. मला वाईट वाटंल म्हणून काय लपवू नको. तुझ्यावर विश्वास हाय माझा, जे असंल ते सांग डॉक्टरला."

प्रेरणा म्हणती, तोंडात शब्द आला होता. 'आबा, मीच' एवढंच म्हणायचं होतं. पण समोर परका माणूस, बाहेर पेशंटची रांग, घरी मम्मी, अन् आबांचा तो चेहरा, जगात आता एवढ्या एकाच माणसावर भरवसा उरल्यासारखा. ती म्हणली, "हो. कधीकधी विसरतात."

गोळी चालू झालीये. रात्रीची एक, जेवल्यावर. त्या गोळीनं त्यांना गरगरतं, मळमळतं, दिवसभर नुसते पडून असतात. अन् गोळी विसरायला नको म्हणून द्यायची कुणी, तर प्रेरणानं. रोज तळहातावर ठेवती अन् आबा म्हणतात, "तू हायेस म्हणून बरंय गं."

मला काल सांगितलं तिनं हे, बसस्टॉपवर. पुढच्या सोमवारी परत डॉक्टरकडं न्यायचंय म्हणती. खरं सांग, तू असतीस त्या खुर्चीत, आबा असे तुझ्याकडं बघायलेत, तर तू काय केलं असतंस?