दापाचा घातक दोष

बेडियाको मास्तर मेलेल्या माणसालासुद्धा सुखानं मरू देत नाहीत, ही अफ्राकोमाची तक्रार कुमासी शहराच्या अख्ख्या बाजाराला पाठ होती. पाम तेल ओतता ओतता ती सांगायची, आणि गिऱ्हाईक तेल घेऊन गेलं तरी तिचं सांगणं चालूच असायचं.

मास्तर परीक्षेच्या पुस्तिका काढत. यंदा परीक्षेला एक जुनं शोकनाटक होतं. त्यातला म्हातारा राजा चहाडखोराचं ऐकून पोटच्या पोराला नदीत बुडवतो आणि शेवटी स्वतःही मरतो. नाटक कुणी वाचत नव्हतं. ‘नाटक एका तासात’, ‘पात्रांचे गुणदोष’, ‘हमखास येणारे प्रश्न’ यांनीच पोरांच्या पिशव्या फुगलेल्या. अफ्राकोमाच्या नातीकडं, सेरवाकडं, अशा सहा पुस्तिका होत्या. नाटकाचं पुस्तक घराच्या ओट्यावरचा तेलाचा डबा डुगडुगू नये म्हणून त्याच्याखाली सरकवलेलं.

अशात अफ्राकोमाचा थोरला भाऊ क्वाकू दापा गेला. दफन शनिवारी. दफनाला आलेल्यांना मेलेल्या माणसाच्या आयुष्याची पुस्तिका वाटायची रीत; तीत जे छापून येतं, तेच पुढं नातवंडं खरं धरून चालतात. म्हणून घरच्यांनी गौरवाचा लेख मास्तरांकडून लिहून घेतला. छापायला द्यायच्या दिवशी सगळे दुखवट्याच्या काळ्या-तांबड्या कापडात घरापुढच्या मांडवाखाली बसले, आणि मास्तरांनी वाचायला घेतलं.

“क्वाकू दापा. घातक दोष : हट्ट. कारण एक, वेळेवर दवाखान्यात गेले नाहीत. कारण दोन, धाकट्या भावाशी बारा वर्षं बोलले नाहीत. कारण तीन, बहिणीचं फार ऐकलं. बहीण अफ्राकोमा : दुय्यम पात्र. कथानक पुढं ढकलण्यापुरती.”

“मुद्देसूद आहे,” धाकटा भाऊ म्हणाला.

“आणि शेवटी काय?” अफ्राकोमानं विचारलं.

“सरावाचे प्रश्न,” मास्तर ओशाळून म्हणाले. “हाताला सवयच लागलीय हो.”

अफ्राकोमा नातीकडं वळली. “तुझा तो राजा का मेला गं?”

सेरवानं डोळे मिटले. “चार कारणांमुळं. एक, अहंकार. दोन...”

“पुरे. रडलीस का?”

“आजी, रडण्याला मार्क नसतात.”

अफ्राकोमानं ओट्यावरचा डबा तिरका करून नाटकाचं पुस्तक ओढून काढलं. “शेवटचं पान वाच.”

पान तेलकट झालं होतं, पण अक्षरं शाबूत होती. सेरवानं धडाधड सुरुवात केली. राजा नदीकाठी उभा राहून पाण्याला म्हणतो, पोरगा नको देऊस, त्याची एक वहाण तेवढी दे. ती दारात ठेवीन आणि तो घरात आहे असं समजेन.

इथं सेरवानं पुस्तकातून मान वर करून दाराकडं पाहिलं. दापाच्या वहाणा अजून दारातच होत्या. धाकट्या भावानं कापड तोंडावर ओढलं आणि हुंदका दिला, मग मांडवात कुणी कुणाला आवरलं नाही.

मास्तर चष्मा पुसत होते. “हे नाटकात आहे?”

“तुम्ही वाचलं नाहीत, मास्तर?” सेरवा म्हणाली.

“मी माझ्या मास्तरांच्या पुस्तिकेवरून काढतो. त्यात वहाण नव्हती.”

अफ्राकोमानं त्यांच्या हातातला कागद घेतला, उलटा केला आणि कोरी बाजू सेरवापुढं ठेवली. नाटक मास्तरांच्या मांडीवर ठेवलं.

“मास्तर, माझा भाऊ हट्टी होता. साठ वर्षं तो हट्ट मी सोसलाय, मला शिकवू नका. लेख आता पोरगी लिहील, आणि तुम्ही इथंच बसून हे पहिल्यापासून वाचाल. तुम्ही गेलात की तुमच्यासाठीही मी रडेन. पण तोवर माझ्या घरचं मेलेलं माणूस तपासायला घ्यायचं नाही.”