सरकलेली चकती

हात जरा हलला आणि सहावी चकती पाचवीला जवळजवळ खेटूनच बसली.

लॅबमधल्या ताईंनी चिमटा तसाच अधांतरी धरला. एकतीस वर्षं त्या हेच करत आल्या होत्या. प्लेटवर रुग्णाच्या जखमेतले जंतू पसरायचे, वर औषधात भिजवलेल्या कागदी चकत्या ठेवायच्या, झाकून उबेला लावायचं. ज्या औषधापुढे जंतू नमतात, त्याच्या चकतीभोवती दुसऱ्या दिवशी स्वच्छ गोल दिसतो. दोन चकत्यांत अंतर हवंच, आणि एकदा टेकलेली चकती हलवायची नाही, हे त्यांनी किती पोरींना दटावून शिकवलं होतं! पण आजचा नमुना सख्ख्या अक्काचा होता. या दोन तेवढ्या उद्या पुन्हा लावू, असं म्हणत त्यांनी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि झाकण लावलं.

अक्काच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन सोळा दिवस झाले होते. जखम चिघळली होती, ताप हटत नव्हता.

"काय गं, माझे जंतू पोसतेस म्हणे?" संध्याकाळी अक्कानं विचारलं.

"पोसते. कशाला दबतात ते बघायला नको?"

"माझेच ते. हट्टीच असणार."

सकाळी ताईंनी प्लेट उजेडात धरली. आधीच्या दोन प्लेटींवर बारा औषधं हरली होती. इथेही सायीसारखा थर सहाही चकत्यांना येऊन भिडला होता. फक्त पाचवी आणि सहावीच्या मधे नखाएवढी जागा लख्ख मोकळी होती. एकेकट्या औषधाला न जुमानणारे जंतू दोन्ही औषधं जिथे एकत्र झिरपली होती तिथे उगवलेच नव्हते.

त्या प्लेट घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेल्या.

"दोन्ही जवळ लावून पाहिलीत? छान सुचलं तुम्हाला."

"सुचलं नाही, मॅडम. हात चुकला."

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मग आता मुद्दाम चुका. आणखी दोनदा."

दुसऱ्या दिवशी दोन्ही प्लेटींवर तीच जागा मोकळी होती.

डॉक्टरीणबाई स्वतः वॉर्डात आल्या. "दोन औषधं मिळून जमेल असं वाटतंय. पण त्यातलं एक कानांना वाईट आहे. तुमची किडनी थकलीय, त्यामुळे ते अंगात साठून राहील. ऐकू येणं कायमचं जाऊ शकतं."

"एका कानाचं?"

"दोन्ही."

ताईंनी खाली पाहिलं. अक्का म्हणजे घरातलं चालतंबोलतं माणूस. दारावरच्या माणसाचा खोकला ऐकून कोण आलंय ते सांगायची.

"बरंच झालं," अक्का म्हणाली, "हिची कटकट तरी थांबेल." मग छताकडे पाहत हळूच म्हणाली, "लावा."

सलाईन सुरू झालं तेव्हा तिनं ताईंचा पदर धरला. "आज घाईनं घरी पळू नकोस. बोलत बस."

"काय बोलू?"

"काहीही. सांडलं-लवंडलं, भाजी करपली, काहीही."

जन्मभर अक्काचं ऐकत आलेल्या ताई मग रोज संध्याकाळी बोलत राहिल्या. शेजारणीचं भांडण, लॅबमधला गळका नळ, धाकट्या सुनेची नवी साडी. अक्का डोळे मिटून ऐकायची, मधेच म्हणायची, "हं, पुढे?"

नवव्या दिवशी ताप उतरला. जखम कोरडी पडू लागली. बाराव्या दिवशी ताई सुनेबद्दल सांगत होत्या आणि बराच वेळ "हं" आलंच नाही. अक्काचे डोळे उघडे होते. ती ताईंच्या ओठांकडे टक लावून पाहत होती.

घरी सोडलं त्या दिवशी दोघी लांबलचक व्हरांड्यातून निघाल्या. अक्का वॉकरवर भार देऊन, एकेक पाऊल मोजत. मागून स्ट्रेचर येत होतं. "बाजूला व्हा, ओ आजी, बाजूला!" वॉर्डबॉय ओरडत होता. अक्का आपल्याच चालीनं मधोमध चालत राहिली.

ताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला हलकेच भिंतीकडे घेतलं.