सासरी निघालेलं बिल्ड

घशाच्या ऑपरेशनमध्ये दादाचा आवाज गेला आणि आमच्या घरातली चेष्टामस्करीच बंद पडली. तो टाइप करायचा, लॅपटॉप वाचून दाखवायचा. पण इतक्या उशिरा, की त्याची कोटी ऐकू येईपर्यंत विषय कुठल्या कुठे गेलेला असायचा. वहिनीने "भाजीत मीठ जास्त झालंय का?" विचारावं आणि ताटं उचलल्यावर लॅपटॉपने "समुद्र आटला वाटतं" म्हणावं! आम्ही उसनं हसायचो, ते त्याला कळायचं. हळूहळू तो नुसती मान डोलवायला लागला. दादा, आणि नुसती मान! मला बघवेना.

तो वाचून दाखवणारा प्रोग्राम जुन्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवरही चालावा म्हणून जपून बिल्ड केलेला, म्हणजे कोडपासून घडवलेला. दादाचा लॅपटॉप मात्र नवाकोरा. आवाज तयार करायला जे आकडे गुणावे लागतात, ते त्याचा प्रोसेसर एका दमात कितीतरी गुणू शकतो, पण त्याला ते काम कुणी सांगतच नव्हतं. मग मी ऑफिसात तोच कोड घेतला आणि कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरला 'नेटिव्ह' हा पर्याय दिला, म्हणजे मशीनची सगळी ताकद वापर. आवाज झटक्यात आला! मी हवेत तरंगतच घरी गेले. दादाच्या लॅपटॉपवर प्रोग्राम उघडला आणि मिटला. पुन्हा उघडला, पुन्हा मिटला. दादाने माझी पाठ थोपटली आणि झाकण लावून टाकलं.

ऑफिसातले सगळ्यात जुने प्रोग्रामर, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, ते ऐकून हसत सुटले.

"अगं, नेटिव्ह म्हणजे जिथे बिल्ड करतेस तिथलं! ऑफिसच्या मशीनला कळतात ते सगळे हुकूम त्या लॅपटॉपला, नवा असला तरी, कुठून कळणार? माहेरच्या सवयी लावून पोरीला सासरी धाडलंस. आधी सासर कसं आहे ते बघ की!"

नुसतं बोलून थांबले नाहीत. हातातलं काम ठेवून संध्याकाळी घरी आले आणि माझ्या शेजारी बसून दादाच्या लॅपटॉपवरच बिल्ड करून घेतलं. त्यांचे, आणि तो कंपायलर लिहिणाऱ्या, कधीही न भेटलेल्या माणसांचे उपकार मी कुठे फेडू?

प्रोग्राम उघडला. उघडाच राहिला.

"अहो, ऐकताय का?" वहिनीने आतून हाक मारली.

"लग्न झाल्यापासून तेच करतोय," लॅपटॉप लगेच म्हणाला.

"गप्प बसा हो!" वहिनी सवयीने बोलून गेली, आणि दारात येऊन थबकली. ऑपरेशननंतर हे वाक्य आमच्या घरात कुणीच उच्चारलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

दादाची बोटं चालली.

"नाही बसणार."